मशीनला अनुदान मिळते, कापडाचे काय? उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : तयार कपड्यांच्या व्यवसायातील महिलांचे खेळते भांडवल आणि थकलेली येणी

महोदय,

सविनय नमस्कार.

पुण्यात मी स्त्रियांच्या तयार कपड्यांचा छोटा उद्योग चालवते. कुर्ते, खणाची जॅकेटे आणि लहान मुलींची परकर-पोलकी हा आमचा मुख्य माल. डिझाइन आणि कटिंग आमच्या वर्कशॉपमध्ये होते, शिलाई काही आमच्या कारागिरांकडे आणि काही धायरी-कात्रज भागात घरी शिवणाऱ्या महिलांकडे जाते. माल शहरातल्या आणि बाहेरगावच्या दुकानांत जातो, थोडा ऑनलाइन विकला जातो. या व्यवसायात शिरलेल्या आणि पुढे त्यातून बाहेर पडलेल्या अनेक जणी माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांचे शिवणकाम वाईट नव्हते आणि गिऱ्हाइकाचीही वाण नव्हती. माल विकला गेला, पैसे आले नाहीत, आणि पुढच्या सणाचे कापड घ्यायला हातात काही उरले नाही, एवढ्यावरच बहुतेकींचा व्यवसाय थांबला. हे पत्र त्या एकाच मुद्द्यावर आहे.

महिला उद्योजकांसाठी स्वतंत्र धोरण महाराष्ट्राने डिसेंबर 2017 मध्ये आणले आणि असे करणारे हे देशातले पहिले राज्य ठरले, याचा मला अभिमान आहे. 2019 पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, त्यात शहरी भागातील महिलेला प्रकल्प खर्चाच्या 25 टक्के आणि ग्रामीण भागातील महिलेला 35 टक्के अनुदान मिळते. केंद्राच्या 2023 च्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश असून अवजारांसाठी 15,000 रुपये दिले जातात. या सगळ्या योजनांचा भर उद्योग सुरू करून देण्यावर आहे, आणि सुरुवात म्हणजे यंत्र, हे त्यात गृहीत धरलेले आहे. (शिलाई मशीन वाटपाच्या कार्यक्रमांविषयी मी इथे वेगळे लिहीत नाही. ती छायाचित्रे आपण माझ्यापेक्षा अधिक पाहिली असतील.)

आमच्या धंद्यात यंत्र ही तुलनेने स्वस्त वस्तू आहे. कारखान्यात वापरतात तसे चांगले शिलाई मशीन पंचवीस-तीस हजारांत येते आणि नीट तेलपाणी केले तर वर्षानुवर्षे चालते. खरा पैसा अडकतो तो कापडात. दिवाळीचा माल घटस्थापनेच्या आधी दुकानात लागायला हवा असेल तर श्रावणात कटिंग सुरू व्हावे लागते, आणि त्यासाठी आषाढात, बाजार थंड असताना, तागेच्या तागे उचलावे लागतात. कापडवाला रोखीने घेणाऱ्याला दोन पैसे कमी लावतो आणि अनोळखी बाईला उधार देत नाही. अस्तर, बटणे, लेस, रंगून आणायचे कापड, सगळे आगाऊ. कारागिरांचा हिशेब दर शनिवारी करावा लागतो, तो पुढे ढकलता येत नाही. साधारण सहाशे रुपये खर्चाचे पाचशे कुर्ते करायचे म्हटले तरी पहिला नग विकला जाण्याआधी तीन लाख रुपये घालावे लागतात. शिवाय ही रक्कम एकदा घालून भागत नाही, प्रत्येक हंगामात पुन्हा घालावी लागते. या तीन लाखांना कोणत्याही योजनेत ‘भांडवली गुंतवणूक’ म्हणत नाहीत.

खणाच्या जॅकेटचे उदाहरण देते, कारण त्यात पैसा कुठे जातो हे नेमके दिसते. खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, लहान असतो, कारण ते कापड चोळीसाठी विणले जात आले आहे. त्याचे जॅकेट करायचे तर पाठ दोन तुकड्यांत बेतावी लागते आणि मधल्या शिवणीवर बुट्टी बुट्टीला भिडली पाहिजे. कटिंग मास्तर कागदी पॅटर्न तीन-तीनदा फिरवून पाहतात, काठ बाहीला घ्यायचा की पुढच्या पट्टीला यावर आमचा वाद होतो, आणि कात्री चालवण्याआधी ते एकदा सगळ्यांना टेबलापासून लांब उभे राहायला सांगतात. कात्री चुकली तर तो खण पाकीट शिवण्यापलीकडे कामाचा राहत नाही. धुवून आटवलेले अस्तर, आतून पायपिंग, हाताने लावलेली बटणे, इतके सोपस्कार झाल्यावर ते जॅकेट दुकानात जाते. तिथे मालक ते उलटसुलट करून पाहतात, कौतुक करतात आणि म्हणतात, “ठेवून जा मॅडम, विकलं की देतो.”

हे वाक्य पुण्याच्या कापडबाजारात शिष्टाचारासारखे वापरले जाते. एका दुकानाला आम्ही दिवाळीसाठी दिलेल्या मालाचे पैसे संक्रांतीनंतर मागितले, तेव्हा लग्नसराई होऊ द्या असे उत्तर मिळाले. मार्च संपता संपता न विकलेला मालच परत आला, घड्या विस्कटलेला, लेबले काढलेला. मी त्या दुकानाचे नाव घेणार नाही, कारण त्याची पद्धत अपवादात्मक नाही.

कायदा आमच्या बाजूने आहे, हे मला ठाऊक आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असे धरले जाते. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेने 90 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि त्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराला निवाड्याच्या 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. 1 एप्रिल 2024 पासून आयकर कायद्यातील तरतुदीमुळे मुदतीत न दिलेल्या पैशांची वजावटही खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही. कागदावर याहून कडक तरतूद क्वचितच सापडेल. व्यवहारात मात्र तिला बगल देणे सोपे आहे. ‘विकले तर पैसे, नाहीतर माल परत’ अशी बोली असली की माल ‘स्वीकारला’ कधी, हाच प्रश्न उरतो, आणि मार्चअखेर माल परत केला की वजावटीची भीतीही संपते.

दुसरी पळवाट आमच्याच नोंदणीत आहे. स्वतःचे डिझाइन असलेली, कापड स्वतः घेणारी, पण शिलाई बाहेर करून घेणारी महिला उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची केंद्र सरकारकडची अधिकृत नोंदणी, करायला जाते तेव्हा अनेकदा तिची नोंद ‘किरकोळ विक्री’ या प्रकारात होते, कारण अर्ज भरून देणाऱ्याला बुटीक म्हणजे दुकान वाटते. जुलै 2021 पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी खुली झाली, परंतु त्यांना लाभ मिळतो तो फक्त अग्रक्रम क्षेत्रातील, म्हणजे बँकांनी प्राधान्याने द्यायच्या, कर्जापुरता. 45 दिवसांचे संरक्षण त्यांना नाही. म्हणजे चुकीच्या रकान्यात एक खूण पडली की संपूर्ण कायदाच तिच्या हातून जातो, आणि हे तिला कळते ते तक्रार फेटाळली गेल्यावर. मोठ्या खरेदीदारांसाठी ट्रेड्सची, म्हणजे लघुउद्योगांना बिलांवर लवकर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाची, व्यवस्था आहे, पण तिथे नोंदणीची सक्ती 250 कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना आहे. लक्ष्मी रोडवरचे किंवा कॅम्पातले नेहमीचे दुकान त्या चौकटीत येतच नाही.

बँकेकडे गेले तर हीच थकलेली येणी पुन्हा आडवी येतात. लघुउद्योगाला अंदाजित उलाढालीच्या 20 टक्के खेळते भांडवल द्यावे असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. परंतु कॅश क्रेडिटची, म्हणजे गरजेप्रमाणे उचलता येणाऱ्या कर्जाची, मर्यादा ठरवताना बँका साधारणतः 90 दिवसांपेक्षा जुनी येणी हिशेबात धरत नाहीत. दुकानदाराने पैसे थकवले की माझी उचल करण्याची मर्यादा कमी होते. दोष त्याचा, शिक्षा मला.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीतही तेच. मी बिल फाडले की कर देय होतो, पैसे हातात आले की नाही हे कायदा विचारत नाही. मी भरलेल्या त्याच कराचे क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, दुकानदाराला मिळते आणि माझे पैसे द्यायला त्या कायद्यानुसार त्याच्याकडे 180 दिवस असतात. एक कायदा 45 दिवस म्हणतो आणि दुसरा 180. दुकानदार कोणता पाळणार, हे सांगायला नको. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्यांवरचा कर 5 टक्के झाला. हजार ते अडीच हजारांच्या मालाला त्यामुळे निश्चित आधार मिळाला, हे प्रांजळपणे सांगते. परंतु त्या रेषेच्या पलीकडे तो 12 वरून 18 वर गेला. पैठणी साडी म्हणून विकली तर ती कापड ठरते आणि कितीही किमतीची असली तरी 5 टक्केच कर लागतो. त्याच पैठणीचे जॅकेट शिवले आणि किंमत 2500 च्या वर गेली की 18 टक्के. मधल्या फरकात भर पडलेली असते ती केवळ कटिंग, शिलाई आणि हातकामाची. दुकानदार आता सरळ सांगतात की अडीच हजारांच्या आत बसवा, आणि बसवण्यासाठी जे कापले जाते ते घरी बसून काज-बटन करणाऱ्या बाईच्या मजुरीतून. हा विषय जीएसटी परिषदेचा आहे याची मला जाणीव आहे, पण तिथे राज्याचा आवाज असतो आणि तो आपल्या मंत्रिमंडळाचा असतो.

महोदय, नव्या योजनेची मागणी मी करत नाही. 2017 च्या महिला धोरणात तयार कपड्यांच्या उद्योगापुरती एक दुरुस्ती करावी आणि यंत्रांवरील अनुदानाला पर्याय म्हणून हंगामी खेळत्या भांडवलावरील व्याजात सवलत द्यावी. ज्या महिलेला मशीन नको आहे, आषाढ ते कार्तिक एवढ्या काळापुरते तीन-चार लाख हवे आहेत, तिला ते त्या धोरणातून मिळावेत. ते धोरण आखताना महिला कामगारांचे किमान प्रमाण पाहिले गेले, पण घरी शिवणाऱ्या महिला आमच्या हजेरीपटावर नसतात. त्यांना दिलेल्या जॉबवर्कच्या पावत्या त्यासाठी ग्राह्य धराव्यात.

जिल्हा उद्योग केंद्राने शिलाई व्यवसायातील महिलांच्या उद्यम नोंदी एकदा तपासून द्याव्यात. हे काम एका शिबिरात होण्यासारखे आहे आणि त्याला शासनाचा फारसा खर्च नाही. सुलभीकरण परिषदेपुढे वैयक्तिक तक्रार करायला आम्ही कचरतो, कारण या बाजारात एका दुकानाविरुद्ध गेलेली बाई पुढच्या चार दुकानांच्या कानावर आधीच गेलेली असते. म्हणून एकाच खरेदीदाराविरुद्धच्या अनेक जणींच्या थकबाक्या जिल्हा उद्योग केंद्राने एकत्र करून स्वतः पाठपुरावा करावा. ‘विकले तर पैसे’ या पद्धतीच्या व्यवहारासाठी माल परत करण्याची कमाल मुदत आणि परत येणाऱ्या मालाची स्थिती सांगणारा एक पानी नमुना करार उद्योग संचालनालयाने मराठीत प्रसिद्ध करावा. तो सक्तीचा नसला तरी चालेल. शासनाचा शिक्का असलेला कागद पुढे करून बोलणे आणि रिकाम्या हाताने बोलणे यांत काय अंतर आहे, हे ज्यांनी काउंटरच्या या बाजूला उभे राहून पैसे मागितले आहेत त्यांनाच कळेल.

या विषयावर पुण्यात एक बैठक घ्यावी. तीत कापड व्यापारी, दुकानदार, बँकांचे अधिकारी आणि आमच्यासारख्या महिला असाव्यात, आणि ती ज्येष्ठात व्हावी. आषाढ लागला की आमचे पैसे कापडात गेलेले असतात, मग निर्णय झाला तरी तो पुढच्या वर्षीचा ठरतो.

कळावे,

आपली नम्र,
पुण्यातील एक लघुउद्योजिका