बंद पडल्यावर काय, एवढं विचार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

आधी अभिनंदन. काल फोनवर ते राहून गेलं. तू नव्या नोकरीची बातमी सांगितलीस, मी लगेच तुमच्या यंत्राचा सर्व्हर, म्हणजे त्याला चालवणारा दूरचा संगणक, कुणाचा असं विचारलं, आणि पुढचं सगळं तुला माहीत आहे. दादा म्हणतो, तुम्ही दोघी नोकरीवरून भांडतच नव्हतात, ह्युमेन या बंद पडलेल्या कंपनीवरून भांडत होतात. त्याचं बरोबर आहे.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी बोलणारं यंत्र, आणि त्यानं कसं बोलावं, कुठं थांबावं, हे ठरवणार तू. आजीशी सगळे ओरडून बोलायचे तेव्हा तू तिच्यासमोर बसून सावकाश बोलायचीस. तिला तुझंच बोलणं कळायचं. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. त्या लोकांनी मुलाखतीत तुझ्यातलं हेच हेरलं असेल, तर माणसं पारखी आहेत. मला किती आनंद झालाय ते बाबांना विचार.

एवढंच लिहून पत्र संपवायचं असं ठरवून बसले होते. पण 'आई, तू फक्त मेलेल्या वस्तू मोजतेस' हे तुझं वाक्य काही मनातून जात नाही.

मोजते, कारण त्या झिजून मेल्या नाहीत. ह्युमेनचा एआय पिन, कपड्याला लावून बोलून वापरायचं यंत्र, एप्रिल २०२४ मध्ये लोकांच्या हातात पडला. किंमत ६९९ डॉलर, शिवाय महिन्याला २४ डॉलर वर्गणी. १८ फेब्रुवारी २०२५ ला जाहीर झालं की कंपनीचा बराचसा भाग एचपी ११.६ कोटी डॉलरला घेतेय, आणि २८ तारखेला पिन बंद. लोकांना दहा दिवस मिळाले. तू म्हणालीस, तो पिन मुळातच फसलेला होता. समीक्षकांनीही तेच लिहिलं होतं, मान्य. पण मॉक्सीचं काय? लहान मुलांशी बोलणारा तो एम्बॉडीड कंपनीचा रोबो, ७९९ डॉलरचा. मुलं त्याच्याशी मनापासून बोलायची. डिसेंबर २०२४ मध्ये पैसा उभा राहिला नाही म्हणून कंपनीनं गाशा गुंडाळायचं ठरवलं. रोबोचं बोलणं क्लाउडवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर अवलंबून, म्हणजे तोही गप्प होणार. हे मुलांना कसं सांगायचं, ते आईबापांवर आलं.

मूल रडतं, आणि काही दिवसांनी दुसऱ्या कशात तरी रमतं. तुमच्या यंत्राशी रोज सकाळ-संध्याकाळ बोलणारी बाई कशात रमेल, मुक्ता?

तुझे मुद्दे मी ऐकलेच नाहीत असं समजू नकोस. गूगलनं १८ जानेवारी २०२३ ला स्टेडिया ही इंटरनेटवरून खेळ खेळायची सेवा बंद केली तेव्हा आपल्या स्टोअरमधून घेतलेल्या यंत्रांचे आणि खेळांचे पैसे परत दिले, हे खरं. पिक्सेल ८ फोनपासून सात वर्षं अपडेट द्यायचं गूगलनं कबूल केलं, मग सॅमसंगनंही एस २४ फोनच्या वेळी तेच केलं, हेही खरं. बोलणं समजून उत्तर देणारं एआयचं मोठं मॉडेल एवढ्याशा खोक्यात मावत नाही, ते सर्व्हरवरच चालवावं लागतं, हे तर मला तुझ्याआधी कळतं. पण बघ, ही उदाहरणं कुणाची आहेत? पैसे परत देऊनही ज्यांना फरक पडत नाही त्यांची. सात वर्षांचा शब्द द्यायला आधी सात वर्षं टिकावं लागतं. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला, मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. चांगला नियम आहे. पण तो फोन आणि टॅबलेटना आहे. तुमच्या बोलणाऱ्या खोक्याला तो विचारत नाही.

मी एवढी वर्षं लोकांची बिघडलेली यंत्रं उघडत आले. तू टॉर्च धरून शेजारी उभी असायचीस आणि प्रत्येक वेळी विचारायचीस, कशामुळे बिघडलं? मी बोट ठेवून दाखवायचे. हा कपॅसिटर फुगलाय बघ. इथं ड्राय सोल्डर झालंय, टाका नीट धरला नाही. एकदा मल्टीमीटरची टोकं तू स्वतः लावलीस, बीप वाजला आणि तू इतक्या जोरात ओरडलीस की बाबा आतून धावत आले. आबांचा टेपरेकॉर्डर तू आठवीत एकटीनं दुरुस्त केलास. बेल्ट बदलायचा होता फक्त, पण तो बेल्टच आहे हे तू माझ्याआधी ओळखलंस. मी तेव्हा काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ज्याला-त्याला सांगत सुटले.

आता माझ्याकडे अशी यंत्रं येतात ज्यांच्यात दाखवायला काही नसतं. सगळं ठीक. व्होल्टेज ठीक, बोर्ड ठीक, चालत मात्र नाही, कारण दूर कुठंतरी कुणीतरी सेवा थांबवली. लोक मला विचारतात कशामुळे बिघडलं, आणि बोट ठेवायला जागा नसते.

बाबांच्या कानातल्या यंत्राचं तू जाणतेसच. ॲप नव्या फोनवर चालत नाही, म्हणून जुना फोन सतत चार्जरला लावून ठेवलाय. यंत्र ठणठणीत आहे. तो फोन गेला तर सेटिंग कसं बदलायचं, हा विचार मी रोज बाजूला सारते. त्या कंपनीतही तुझ्यासारखी हुशार पोरं असतील. त्यांच्यातल्या कुणी हा प्रश्न कधी विचारला असेल का, असं राहून राहून वाटतं.

म्हणून म्हणते, तू विचार. पहिल्याच आठवड्यात. इंटरनेट गेलं तर यंत्र काय काय करू शकतं? गोळ्यांची आठवण करून द्यायला कुठलंही मोठं मॉडेल लागत नाही. घड्याळ, थोडी मेमरी आणि आधी भरून ठेवलेला आवाज पुरतो. तेवढं तरी खोक्याच्या आत असू दे. कंपनी उद्या विकली गेली तर सॉफ्टवेअरचा कोड कुणाला मिळणार? त्रयस्थाकडे सोर्स कोड ठेवायची पद्धत धंद्यात जुनीच आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. आणि किती वर्षांची हमी, ते विकतानाच सांगा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंच्या बाबतीत सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते जाहीर करावंच लागतं. कायद्याची वाट बघायची गरज नाही. तुम्ही आपणहून सांगा, आणि मोठ्या अक्षरात सांगा, वाचणारी माणसं म्हातारी आहेत. कुणी म्हणेल, अशानं विक्री कमी होईल. तर त्याला सांग की…

झालं, लागले शिकवायला. माफ कर. त्या खोलीत तू बसणार आहेस, मी नाही.

पेबल या स्मार्ट घड्याळाची बातमी तूच मला पाठवली होतीस. ती काल रात्री पुन्हा वाचली. २०१२ मध्ये लोकांनीच एक कोटीहून अधिक डॉलर आगाऊ देऊन उभं केलेलं घड्याळ. २०१६ च्या शेवटी कंपनी संपली, फिटबिट कंपनीनं सॉफ्टवेअर घेतलं, ३० जून २०१८ ला सर्व्हर बंद. पण त्याआधी फिटबिटनं ॲपला असा अपडेट दिला की ते सर्व्हरवाचूनही चालावं, आणि रिबल नावानं जमलेल्या वापरणाऱ्यांनी हवामान, ॲपची यादी वगैरे पुन्हा उभं केलं. पुढे फिटबिट गूगलकडे गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलनं कोडच खुला केला. म्हणजे होतं, मुक्ता. बंद पडायच्या आधी कुणीतरी दार उघडं ठेवलं तर होतं. काल भांडताना तू हे उदाहरण का दिलं नाहीस? मी हरले असते.

खरी भीती सांगू? यंत्राची तर आहेच. पण त्याहून मोठी आहे ती त्या दिवसाची. पैसेवाले निघून जातील, मालक दुसरी कंपनी काढेल, आणि 'हिचा आवाज का येत नाही' अशी पत्रं येतील. ती कोण वाचणार? तू. बाकीचे उत्तर न देता झोपू शकतील, तुला जमणार नाही. तुझा स्वभाव मी पाहिलाय.

तरी जा. तुझ्यासारखी कुणी तिथं नसण्यापेक्षा तू असलेली बरी. रविवारी फोन कर, मी सर्व्हरचा विषय काढणार नाही.

तुझी,
आई

ता. क. नोकरीच्या करारात, कंपनी बंद झाली तर तुमच्या पगाराचं काय, हे लिहिलंय का? आणि ग्राहकांचं ध्वनिमुद्रण कुणाच्या ताब्यात जाणार, तेही बघ. एचपीनं घेतलं तेव्हा ह्युमेननं ग्राहकांचा साठवलेला डेटा पुसून टाकणार असं सांगितलं होतं. तुमच्याकडे काय ठरलंय ते कळव.