काकांचं रिव्हॉल्वर

नौपाडा, ठाणे

प्रिय दिन्या,

तुझं पत्र मिळालं. काकांबद्दल जे लिहिलंस ते घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. काकूंचे डोळे भरून आले. खंडेनवमीला काका ते रिव्हॉल्वर पाटावर मांडायचे आणि आपण दोघं हात मागे बांधून बघायचो, हे तुला आठवतंय याचं तिला फार बरं वाटलं.

तू विचारलंस, 'घरातच आहे ना?' नाही, घरात नाही. परवाना काकांच्या नावावर होता. ते गेल्यावर हत्यार जवळ ठेवायचा हक्क आमच्यापैकी कुणालाच उरला नाही. अशा वेळी ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. दिवसकार्य व्हायच्या आधीच मी आणि नेरूळची ताई पोलिसांना कळवून आलो, आणि मग रीतसर पावती घेऊन मुंबईतल्या एका जुन्या बंदूकवाल्यांकडे ते ठेवलं. 'अँटिक आहे, त्याला कसलं लायसन्स?' असं सांगणारे नातेवाईक भेटलेच. पण कायद्यातली सूट फक्त जे दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुनाट हत्याराला आहे. आपलं तर ठणठणीत आहे. बिनपरवाना ठेवलं तर सरळ तुरुंगाची गोष्ट.

आता रिव्हॉल्वरच्या वयाचं सांगतो, कारण त्यात मी खरोखर रमलो. दुकानातल्या वयस्कर कारागिरांनी ते उघडून दाखवलं. आपलं रिव्हॉल्वर वेब्ली या इंग्रजी कंपनीचं. त्याची नळी बिजागरीवर पुढे झुकते आणि सिलिंडरच्या मधून चांदणीच्या आकाराची चकती वर येते, रिकामी काडतुसं एकदम बाहेर टाकायला. इतक्या वर्षांनीही ती अडखळली नाही. मग त्यांनी भिंग दिलं आणि म्हणाले, आता तुम्हीच वाचा.

अंगावर 'वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड, बर्मिंगहॅम' असं कोरलंय. ही कंपनी १८९७ मध्ये तीन कारखाने एकत्र येऊन झाली, तेव्हा नाव लांबलचक होतं, त्यात 'रिव्हॉल्वर अँड आर्म्स कंपनी' असायचं. १९०६ मध्ये ते आटोपशीर झालं. म्हणजे आपलं १९०६ च्या आधीचं नाही. दुसरी खूण याहून बारीक. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये प्रत्येक हत्यारातून मुद्दाम जास्त दाबाची काडतुसं उडवून बघत आणि पास झालं तरच शिक्का मारत. १८१३ पासून हे काम तिथे चालतंय. आपल्या सिलिंडरवर मुकुटाखाली एनपी, म्हणजे 'नायट्रो प्रूफ', आहे; बंदुकीच्या बिनधुराच्या दारूची परीक्षा झालेली. या पद्धतीचे शिक्के १९०४ पासून साधारण १९५४ पर्यंतचे. झालं, दोन टोकं मिळाली. मधली जागा कागदांनी भरायची. काकांच्या आधी ते आजोबांकडे होतं; त्यांचा जुना परवाना सापडला तर तो १८७८ च्या शस्त्र कायद्याखालचा असणार. तो कायदा १९६२ पर्यंत लागू होता. परवान्यावर नंबर आणि तारीख लिहिलेली असते, त्यामुळे तो कागद हातात आला की बरंचसं कोडं सुटेल.

फ्रेमवरचा आणि सिलिंडरवरचा नंबर एकच आहे हे बघून ते कारागीर खूश झाले. सिलिंडर बदललेलं असेल तर किंमत बरीच उतरते म्हणे. पोलादावरची काळपट निळसर झाक मूळचीच आहे. पुन्हा पॉलिश करून झाक चढवली की अक्षरांच्या कडा गोलसर होतात, आपल्या अक्षरांच्या कडा अजून बोटाला लागतात. मुठीच्या काळ्या जाळीदार नक्षीत मात्र लाल काहीतरी साचलंय. कारागिरांनी टूथब्रश घेतला आणि मी त्यांचा हात धरला. ते कुंकू आहे रे, काकांच्या पूजेचं. तसंच राहू दे म्हटलं. त्यांनीही लगेच मान्य केलं. फक्त चामड्याच्या म्यानात ठेवू नका, असं बजावलं. चामड्यातलं आम्ल आणि ओल पोलाद खातात, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात तर विचारूच नकोस.

किमतीबद्दल तू लिहिलंस की लंडनच्या लिलावात पाठव. ते सोपं नाही. एक तर हत्यार बाहेर न्यायलाच परवानगी लागते. त्यातून ते शंभर वर्षांपूर्वीचं निघालं आणि पुरावस्तू ठरलं, तर १९७२ च्या कायद्याने देशाबाहेर नेताच येत नाही. इथे विकायचं तर घेणाऱ्याकडे .३२ चा, म्हणजे आपल्या रिव्हॉल्वरच्या नळीच्या मापाचा, परवाना हवा. अशी माणसं आहेत आणि चांगले पैसे मोजतात, कारण परदेशी रिव्हॉल्वरची आयात ऐंशीच्या दशकापासून जवळजवळ बंद आहे. आकडा मी तुला सांगणार नाही, कारण मला विकायचंच नाही.

एकाने सुचवलं की नळी आतून वेल्ड करून टाक आणि फ्रेम करून दिवाणखान्यात लाव, कटकट संपली. ऐकूनच मला कसंतरी झालं. ज्यांनी ते इतकी वर्षं तेलपाणी करून जिवंत ठेवलं त्यांच्या माघारी आपण त्यात शिसं ओतायचं? मी वारस म्हणून परवान्याचा अर्ज केलाय, ठाण्याच्या पोलीस आयुक्तालयात. ताईने आणि काकूंनी ना-हरकत लिहून दिली. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, माझ्याकडे एकही नाही, तेव्हा ती अडचण नाही. नाहीच मिळाला, तर एखादं संग्रहालय बघू, पण अख्खं देऊ.

आता तुझं काम. तुझ्या बाबांच्या अल्बममध्ये शहापूरच्या डाक बंगल्यासमोरचा एक फोटो होता, आजोबा जंगल खात्याच्या खाकी कपड्यांत आणि कमरेला पट्टा. तो शोध. मागे शाईने तारीख लिहिलेली असायची. आणि तुमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत काकांनी काही कागद ठेवायला दिले होते, त्यात पिवळट परवाना असला तर मोबाईलवर फोटो पाठवू नकोस, मूळ कागद हवाय. कुरिअर नको, मीच दिवाळीत तिकडे येतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
नंदू