लंडनमध्ये कंपनी, निपाणीत माल: बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हास्तरीय निर्यात प्रोत्साहन समिती, बेळगाव

विषय: परदेशात ऑनलाइन विक्री करू पाहणाऱ्या छोट्या उत्पादकांना बँक, टपाल व कागदपत्रांची सोय जिल्ह्यातच मिळण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या कलम 350 ने दिला आहे, म्हणून हे पत्र मराठीत आहे. कन्नड प्रत सोबत जोडली आहे.

निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग भागातले चप्पल कारागीर आणि शहापूर-वडगावातले साडीवाले यांच्या मोबाइलवर सध्या एकच जाहिरात फिरते: 'सात दिवसांत ब्रिटन किंवा अमेरिकेत स्वतःची कंपनी.' कंपनी निघते, त्यात खोटे काही नाही. मात्र ती काढताना भारतातल्या परकीय चलन नियमांकडे कोणी पाहत नाही. वर्षा-दोन वर्षांनी बँक पैसे अडवते तेव्हा मालक आमच्यासारख्या सल्लागारांकडे फाइल घेऊन येतो. तोवर एजंटाचा फोन बंद झालेला असतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की दहातल्या आठ-नऊ जणांना परदेशी कंपनीची गरजच नाही, आणि ज्याला खरोखर आहे त्याला योग्य क्रम सांगणारे जिल्ह्यात कोणी नाही. या दोन्ही गोष्टी आपल्या समितीच्या आवाक्यातल्या आहेत.

गरज का नाही, ते आधी सांगतो. महिन्याला वीस-पंचवीस जोड विकणाऱ्याने इथूनच, स्वतःच्या नावावर माल पाठवावा. त्याला लागतात पाच गोष्टी: 500 रुपये भरून मिळणारा आयईसी (आयातदार-निर्यातदार क्रमांक), जीएसटी नोंदणी, चालू खाते, त्या खात्याच्या शाखेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेचा क्रमांक), आणि कर न भरता निर्यात करण्यासाठी दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावी लागणारी एलयूटी, म्हणजे हमीपत्र. आयईसी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर पुन्हा पक्का करावा लागतो. काही बदल नसला तरीही. नाही केला की तो निष्क्रिय होतो, आणि हे कळते ते पार्सल विमानतळावर पोचल्यावर. पैसे रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या सीमापार पेमेंट कंपनीमार्फत येऊ शकतात. तिथे एका व्यवहाराची मर्यादा 25 लाख रुपये आहे, म्हणजे आपल्या लोकांना ती आडवी येण्याचा प्रश्नच नाही.

घोटाळा होतो तो कुरिअरच्या टेबलावर. माल सीएसबी-5 या, कुरिअरने होणाऱ्या व्यापारी निर्यातीच्या शिपिंग बिलाखाली गेला पाहिजे. त्यासाठी आयईसी, जीएसटी आणि एडी कोड लागतो. तेवढी कटकट नको म्हणून पार्सल 'नमुना' किंवा 'भेटवस्तू' म्हणून सीएसबी-4 खाली बुक केले जाते. माल पोचतो, पैसेही येतात, पण सरकारदरबारी निर्यात झालेलीच नसते. ना जीएसटी परतावा, ना प्रोत्साहन, आणि आलेला पैसा कशाचा, याचा पुरावा नाही. दुसरी गफलत एडी कोडची. तो ज्या विमानतळावरून माल जाणार तिथल्या सीमाशुल्क विभागाकडे नोंदवलेला असावा लागतो. नोंदणी बेंगळुरूची आणि कुरिअरवाल्याने माल मुंबईला वळवला, तर पार्सल तिथे पडून राहते. आपल्या भागातून गाड्या दोन्हीकडे जातात, त्यामुळे दोन्ही ठिकाणी नोंदणी करून ठेवलेली बरी.

सीमेवर असल्याचा आणखी एक त्रास आहे. निपाणीचा माणूस माल कागलच्या गोदामात ठेवतो, कारण भाडे परवडते आणि कोल्हापूर जवळ. पण निपाणीचा जीएसटी क्रमांक 29 ने सुरू होतो, कागलचा 27 ने. कागलमध्ये साठा ठेवून तिथूनच पाठवायचा असेल तर महाराष्ट्राची वेगळी नोंदणी लागते. वीस-बावीस किलोमीटरांचे अंतर आहे, पण कायद्याच्या लेखी ते दुसरे राज्य आहे.

आता ज्यांना कंपनी खरोखर लागते त्यांच्याविषयी. माल आधीच ब्रिटनमधल्या गोदामात ठेवून दोन दिवसांत घरपोच द्यायचा असेल, परत आलेला जोड तिथेच तपासून पुन्हा विकायचा असेल, किंवा तिथला मोठा दुकानदार स्थानिक कंपनीकडूनच खरेदी करणार असेल, तर कंपनी काढण्यात अर्थ आहे. ब्रिटनचे उदाहरण घेतो, कारण चौकशी तिथलीच जास्त असते. संचालक तिथला रहिवासी असण्याची अट नाही. नोंदणीकृत पत्ता मात्र तिथला आणि खराखुरा हवा, पोस्ट बॉक्स चालत नाही. 18 नोव्हेंबर 2025 पासून नव्या संचालकाला ओळख पडताळणी सक्तीची झाली आहे. पासपोर्टमध्ये चिप असेल तर मोबाइलवर काम होते. जुना, बिनचिपचा पासपोर्ट असेल तर तिथल्या अधिकृत एजंटाकडून करून घ्यावी लागते.

इथपर्यंत एजंट सांगतो. पुढचे सांगत नाही.

एकमालकी धंद्याचा मालक परदेशी कंपनीचे शेअर घेतो ते व्यक्ती म्हणून, आणि त्याला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. भागीदारी संस्थेच्या नावाने शेअर घ्यायचे असतील तर ती 1932 च्या कायद्याखाली नोंदलेली हवी. आपल्याकडच्या निम्म्या भागीदाऱ्या केवळ स्टॅम्पपेपरवर चालतात, त्या इथेच अडकतात. 2022 च्या परदेशी गुंतवणूक नियमांप्रमाणे पैसे पाठवण्याआधी किंवा शेअर हाती येण्याआधी, जे आधी घडेल त्याआधी, बँकेत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीची माहिती देणारा अर्ज) देऊन रिझर्व्ह बँकेकडून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घ्यायचा असतो. शाखेत गेल्यावर मात्र 'आधी कंपनीचा दाखला आणा' असे उत्तर मिळते. ब्रिटनमध्ये तर कंपनी नोंदवतानाच पहिले शेअर नावावर होतात. म्हणून नोंदणीचा अर्ज भरण्यापूर्वी शाखेला लेखी विचारून क्रम ठरवून घ्यावा आणि ते उत्तर जपून ठेवावे. भांडवल एजंटाच्या खात्यावरून किंवा त्याच्या कार्डावरून भरू देणे ही सर्वांत महागात पडणारी सवलत आहे. ते पैसे स्वतःच्या खात्यातून, बँकेमार्फतच गेले पाहिजेत.

त्यानंतर सहा महिन्यांत शेअर प्रमाणपत्र बँकेत द्यायचे आणि दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत एपीआर, म्हणजे वार्षिक कामगिरीचा अहवाल. यातली मेख कमी लोकांना ठाऊक असते. छोट्या कंपनीला ऑडिटची सक्ती ब्रिटनचा कायदा करत नाही. पण कंपनीवर नियंत्रण इथल्या माणसाचे असेल तर आपला नियम एपीआरसाठी ऑडिट झालेलेच हिशेब मागतो. मग लंडनमधल्या लेखापालाला पौंडांत फी मोजावी लागते, आणि वर्षाला दोनशे जोड विकणाऱ्याचा नफा तिथेच संपतो. अहवाल चुकला तर 7,500 रुपये विलंब शुल्क. त्याहून वाईट म्हणजे तो विलंब निस्तरेपर्यंत त्या कंपनीत आणखी पैसा घालता येत नाही. ब्रिटनचा दंड वेगळाच: तिथले वार्षिक हिशेब एक दिवस जरी उशिरा गेले तरी 150 पौंड, सहा महिन्यांवर गेले तर 1,500 पौंड. कंपनीत एक रुपयाची उलाढाल नसली तरीही.

आयकराची बाजू थोडक्यात. स्वतःच्याच कंपनीला माल विकताना दर तिऱ्हाइताला लावला असता तोच लावायचा आणि त्याचा सनदी लेखापालाचा अहवाल दरवर्षी द्यायचा. रक्कम लहान म्हणून सूट नाही. परदेशी शेअर आणि परदेशी खाते विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचे.

ब्रिटनच्या व्हॅटबद्दल (तिथला विक्रीवरचा कर) गैरसमज फार आहे. तिथे 90,000 पौंडांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे खरे. पण ती सवलत तिथे प्रत्यक्ष बस्तान असलेल्यांसाठी आहे. नुसता भाड्याचा पत्ता आणि कारभार निपाणीतून, अशा कंपनीला मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा स्थानिक मानत नाहीत आणि विक्रीतून व्हॅट स्वतःच कापून सरकारला भरतात. कंपनी न काढता इथूनच, स्वतःच्या वेबसाइटवरून 135 पौंडांपर्यंतचे पार्सल थेट ग्राहकाला पाठवायचे तर पहिल्या विक्रीपासून व्हॅट नोंदणी. साठा पाठवताना आयातदार म्हणून कंपनीचा स्वतःचा, जीबीने सुरू होणारा ईओआरआय (सीमाशुल्कासाठीचा ओळख) क्रमांक हवा. बाजारपेठेच्या गोदामाचे नाव आयातदार म्हणून घातले तर माल बंदरातच अडतो, कारण गोदामवाले आयातदार व्हायला तयार नसतात.

मालाविषयी थोडे सविस्तर, कारण पैसा बुडतो तो मुख्यतः इथे. कोल्हापुरी चपलेला एचएस कोडच (मालाच्या जागतिक वर्गीकरणातला क्रमांक) स्वतंत्र आहे: 6403 20. कातड्याचा तळ, पायाच्या पाठीवरून जाणारा कातडी पट्टा आणि अंगठ्याभोवतीची पट्टी, असे तिचे वर्णन जागतिक यादीत आहे. पण घसरू नये म्हणून तळाला रबरी शीट चिकटवली की बाहेरचा तळ रबराचा होतो आणि चप्पल या कोडातून बाहेर पडते. एकाच खोक्यात दोन्ही प्रकार भरून एकच कोड लावला की तपासणीत सगळे खोके थांबते. ब्रिटनबरोबरच्या व्यापार करारावर 24 जुलै 2025 रोजी सह्या झाल्या. त्यातल्या शुल्क सवलतीसाठी कोड आणि मूळ देशाचा पुरावा जुळावाच लागतो.

ब्रिटनमध्ये विकताना जोडातल्या निदान एका चपलेवर तीन भागांची माहिती हवी: वरचा भाग, अस्तर व आतला तळ, बाहेरचा तळ. प्रत्येक भागात निदान 80 टक्के असलेला पदार्थ चिन्हाने दाखवायचा. कातड्यात षटसंयुजी क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप) किलोमागे 3 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या तळाला त्याची भीती नाही. भीती असते ती बाजारातून आणलेल्या रंगीत, क्रोमवर कमावलेल्या पट्ट्यांची. एकाच चपलेत दोन्ही प्रकारचे कातडे असते, म्हणून चाचणी तळाची करून भागत नाही, पट्ट्याची करावी लागते, आणि लॉट बदलला की पुन्हा.

बुरशीचे प्रकरणही असेच. पावसाळ्यात शिवलेला जोड ओलसर असतानाच प्लास्टिकमध्ये बांधला तर पोचेपर्यंत शिवणीतल्या वादीवर पांढरी बुरशी धरते. सावलीत पूर्ण वाळवावा (उन्हात नको, तळ कडक होऊन वाकतो), कागदात गुंडाळावा, सोबत साधे सिलिका जेल ठेवावे. 'बुरशीनाशक' म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या टाळाव्यात. त्यात डायमिथाइल फ्युमरेट हे घातक रसायन निघाले तर मर्यादा किलोमागे केवळ 0.1 मिलिग्रॅम आहे आणि सगळा लॉट बाद होतो.

मापांचा तक्ता सेंटिमीटरमध्ये द्यावा. परताव्याचे मोठे कारण माप हेच असते, आणि ब्रिटनमध्ये ग्राहकाला माल मिळाल्यापासून 14 दिवस कारण न देता खरेदी रद्द करता येते. हा हक्क त्याला कळवलाच नाही तर मुदत वर्षभर लांबते.

कुंदा पाठवायचा का, असेही लोक विचारतात. नको. दुधाच्या पदार्थाला मान्यताप्राप्त कारखाना आणि पशुवैद्यकीय दाखला लागतो, दोन किलोच्या डब्यासाठी ते जमणारे नाही.

आपल्याकडे मागण्या पाच आहेत, आणि त्यांना निधी फारसा लागत नाही.

बेळगावचे नाव अधिकृतपणे 1 नोव्हेंबर 2014 ला बदलले. पासपोर्टवर जुने, जीएसटीवर नवे, वीजबिलावर तिसरेच स्पेलिंग, अशी स्थिती आहे. परदेशी बँका आणि पेमेंट कंपन्यांचे संगणक हे तीन वेगळे पत्ते समजून अर्ज फेटाळतात. दोन्ही नावे एकाच ठिकाणाची आहेत असे अधिसूचनेचा हवाला देणारे, आपल्या सहीचे एक पानी इंग्रजी प्रमाणपत्र जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ठेवावे. या पत्रातली एकच मागणी मान्य होणार असेल तर ती ही व्हावी.

जिल्हा सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत अग्रणी बँकेमार्फत फॉर्म एफसीचे काम करणारी निदान एक शाखा बेळगावात आणि एक निपाणी किंवा चिकोडीत ठरवून द्यावी, लागणाऱ्या कागदांच्या लेखी यादीसह. आज शाखा 'हुबळीला विचारा' म्हणते आणि हुबळी 'बेंगळुरूला' म्हणते.

टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्राची सोय अथणी आणि निपाणीत प्रत्यक्ष चालू राहील असे पाहावे. म्हणजे ऑनलाइन पोस्टल बिल (टपालाने होणाऱ्या निर्यातीचा सीमाशुल्क अर्ज) भरून देऊ शकणारा, ते काम शिकलेला माणूस खिडकीवर असावा. नुसता फलक नको.

कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हे आहेत. तरीही आपल्याकडच्या अनेक कारागिरांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवलेले नाही. अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोच्या मंचावर हीच चप्पल बिननावाने झळकली तेव्हा देशभर ओरड झाली, पण नाव वापरण्याचा कागद कारागिराच्या हातात नसेल तर ऑनलाइन बाजारपेठेवर तक्रार करणार कोण? जिल्हा उद्योग केंद्राने गावोगाव शिबिरे घेऊन हे अर्ज भरून घ्यावेत. त्याच शिबिरात कातड्याचे नमुने गोळा करून चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडे एकत्र पाठवले तर चाचणीचा खर्च वाटून जाईल.

शेवटची मागणी जिल्हा उद्योग केंद्रात आठवड्यातून एक दिवस निर्यात मदत टेबलाची, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या कर्मचाऱ्यासह. त्याने पहिला प्रश्न एवढाच विचारावा: 'तुम्हाला माल परदेशात साठवायचा आहे का?' उत्तर 'नाही' असेल तर कंपनीचा विषय तिथेच मिटवून आयईसीचा अर्ज पुढे करावा.

समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख कळवल्यास आमच्यापैकी दोघे जण नमुना अर्ज, कागदपत्रांच्या द्विभाषिक याद्या आणि प्रमाणपत्राचा मसुदा घेऊन हजर राहतील.

आपले विश्वासू,
निपाणी, अथणी व बेळगाव येथील निर्यात सल्लागार, करसल्लागार आणि उत्पादक

प्रत माहितीसाठी: सहसंचालक, जिल्हा उद्योग केंद्र; अग्रणी जिल्हा व्यवस्थापक; वरिष्ठ डाक अधीक्षक, बेळगाव.