दोघांच्या स्वयंपाकात गोव्याचे चोरीस

मडगाव,
रविवार

ती. आई आणि ती. बाबांना सा. न.

पत्र लिहायला, आई, तूच सांगितलंस. मी पाठवलेली चोरिसांची, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, माळ फ्रीजमध्ये तशीच पडून आहे, फोनवर सांगितलेली कृती लक्षात राहत नाही, तेव्हा एकदाचं कागदावर लिहून पाठव म्हणालीस. तर लिहिते. बाबा, तुम्हीही वाचा, तुमच्या पथ्याचा मजकूर पुढे आहे.

आधी मुख्य गोष्ट. चोरीस मटणासारखे वाडगाभर खायचे नसतात. आई, तू ते मसाल्यातच जमा धर. शंभर ग्रॅम चोरीस घातले की तीन मोठे कांदे आणि दोन बटाटे असा तवाभर ऐवज लालभडक, चमचमीत होतो आणि तुम्हा दोघांना दोन वेळा पुरतो. आम्ही दोघी बहिणी घराबाहेर पडल्यापासून तू सारखी म्हणतेस, दोघांसाठी कसला घाट घालायचा. मग कधी पिठलं-भात, कधी दूध-भाकरी. आजारपणानंतर बाबांच्या तोंडाची चव मंदावली आहे आणि अर्धा किलो मटण आणलं तर अर्धं उरतं, हे मला दिसतं. म्हणूनच ही माळ पाठवली. व्हिनेगरच्या आंबट वासानेच भूक लागते आणि मांस मात्र पोटात जातं थोडंच.

हे काय आहे ते नीट कळलं की तुझी भीड जाईल. डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे बारीक तुकडे करतात, खिमा नव्हे. त्यांना मीठ चोळून, वर वजन ठेवून पाणी काढून टाकतात. मग काश्मिरी मिरची, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी आणि हळद हे सगळं माडाच्या ताडीच्या व्हिनेगरमध्ये वाटतात आणि त्यात मांस मुरवतात. काही घरांत थोडी फेणीही घालतात. मुरलेलं मांस स्वच्छ केलेल्या आतड्यात भरायचं, दोऱ्याने बांधून मणी पाडायचे आणि उन्हात वाळवायचं. आतडं ऐकून नाक मुरडू नकोस. आपल्या घरी वजडी किती चवीने होते! शिवाय ते साल सोलून टाकायचंच असतं.

हे टिकतं कशामुळे, तेही सांगते, कारण बाबा नक्की विचारणार. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, उन्हाने आणखी उडतं आणि व्हिनेगरच्या आंबटपणात जंतूंना वाढायला वाव राहत नाही. पावसाळ्यात इथे मासेमारी बंद असायची, बाजार ओस पडायचे, म्हणून एप्रिल-मेमध्ये घराघरांत साठवणीची तयारी चालायची. सुकं सोडे-बांगडे, कोकम, आंबोशी, मिठाच्या कैऱ्या आणि त्यांच्या जोडीला चोरिसांच्या माळा. या साठवणीला इथे पुरुमेंत म्हणतात. तुझे सांडगे-पापड-कुरडयांचे दिवस ना, अगदी तेच. पोर्तुगीज १५१० ला गोव्यात आले आणि १९६१ पर्यंत राहिले. त्यांच्याकडच्या चोरिसात पाप्रिका, लसूण, वाइन आणि धूर असतो. इथल्या लोकांनी त्यात माडाचं व्हिनेगर आणि लाल मिरची आणली. आज तेच गोव्याचं म्हणून ओळखलं जातं आणि मला तर मूळच्यापेक्षा हेच सरस वाटतं.

आता चूल पेटव. मणी कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेव, म्हणजे साल सुटतं. सुरीच्या टोकाने चिरून आतला मसाला बाहेर काढ, दोरा आणि साल टाकून दे. भांडं स्टीलचं घे, नाहीतर मातीचं. तुझी ती जर्मनची कढई यात नको, व्हिनेगर तिला खातं. तेलाचा थेंबही घालायचा नाही. चहाचा अर्धा कप पाणी घाल, झाकण ठेव आणि मंद आचेवर सावकाश शिजू दे. हळूहळू पाणी आटतं, चरबी वितळते आणि लाल तवंग वर येतो. इथे घाई करायची नाही. हे मांस वाळलेलं असलं तरी कच्चंच असतं, चांगलं शिजलंच पाहिजे. रंग मुळातच लाल असल्यामुळे बघून अंदाज येत नाही, म्हणून तुकडा बोटाने दाबून बघ. अर्धा तास तरी दे, लागलं तर पुन्हा पाणी घाल. त्यानंतर उभा चिरलेला कांदा, भरपूर. कांदा त्या तवंगात मऊ होऊन गोडसर झाला की व्हिनेगरचा जाळ उतरतो. आपली चटणी, गरम मसाला, आलं-लसूण, काही काही घालायचं नाही. मीठसुद्धा नाही. पोटात सगळं घेऊनच आलेला पदार्थ आहे हा.

एवढं झालं की पुढचं सगळं तुझ्या हातात. याच्यात बटाट्याच्या बारीक फोडी टाकल्या तर त्या तवंग आणि खार दोन्ही शोषतात. पहिल्यांदा करशील तेव्हा हेच कर, बाबांना हेच जास्त आवडेल. इथे गाड्यांवर हे मिश्रण गरम पावात भरून देतात आणि संध्याकाळी गाडीभोवती गर्दी असते. आपल्याकडच्या बेकरीचा पाव जरा गोडसर असतो, तो तव्यावर कोरडाच शेकून घे. पण खरं सांगू, मी परवा ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्लं आणि पाव विसरले. भाकरीच्या कोरडेपणाला तो ओला तवंग फार छान लागतो.

भात करायचा असेल तर कांद्यानंतर एक टोमॅटो परतून घे, मग धुतलेला तांदूळ, तोही दोन मिनिटं परत, आणि गरम पाणी. इथले लोक नाताळात, घरच्या समारंभांत असा पुलाव आवर्जून करतात. तुझ्याकडे आजऱ्याचा घनसाळ असेल तर मी तोच वापरेन, फक्त पाणी हात राखून घाल, तो पटकन मऊ होतो. वासाचा तांदूळ आणि चोरीस एकमेकांना मारतील असं मला आधी वाटायचं, पण तसं होत नाही. शेजारी दह्यातली काकडी ठेव, बिनमिठाची.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते कडधान्याबरोबर. पोर्तुगीजांच्या फेजवादात घेवड्याच्या जातीचे दाणे आणि डुकराचं मांस एकत्र शिजतं. गोव्यात त्यात चोरीस पडतात आणि बऱ्याच घरांत नारळाचं दूधही. राजमा रात्रभर भिजवून कुकरमध्ये मऊ शिजव आणि शिजलेल्या कांदा-चोरिसात मिसळून दहा मिनिटं उकळ. पण सध्या तुमच्याकडे ओला पावटा बाजारात असेल. तो घाल! सोललेला पावटा, मूठभर चोरीस, दोन कांदे, पातळसर रस्सा. हे इथे कुणी करत नाही, मी करते आणि शेजारच्या आंटींनी वाटी परत पाठवताना अजून आहे का म्हणून विचारलं होतं. दाणे असले की दोघांच्या पोटाला प्रथिनं मिळतात आणि मांस आणखी कमी लागतं. तुमच्या वयाला हे मला फार योग्य वाटतं.

उरलेल्या चमचाभर चोरिसात दुसऱ्या दिवशी सकाळी दोन अंडी फोड. बस, बाकी काही नको. ढबू मिरच्यांत उकडलेला बटाटा आणि चोरीस कुस्करून भरता येतात, झाकण ठेवून वाफेवर शिजवायच्या. पॅटिसमध्ये सारण म्हणूनही चालतं. गोव्यात माणक्यांत, म्हणजे स्क्विडमध्ये, भरतात तेही भन्नाट लागतं, पण कोल्हापुरात ताजी माणकी मिळवायला धावपळ करू नका. ते इथे आलात की मी करून घालीन.

बाबा, आता तुमचं. यात मीठ भरपूर आहे, ते मी लपवणार नाही. दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तुमचं ब्लडप्रेशर बघता तुम्हाला सांभाळूनच राहायला हवं. शिवाय २०१५ मध्ये त्याच संघटनेच्या कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेने सॉसेजसारखं खारवलेलं, प्रक्रिया केलेलं मांस माणसाला कर्करोगकारक ठरवलं. जितकं जास्त आणि जितकं रोज, तितका धोका वाढतो. म्हणून माझं म्हणणं असं की पंधरवड्यातून एकदा, तेही बटाट्यात किंवा पावट्यात. त्या दिवशी लोणचं नाही, पापड नाही, भाकरीच्या पिठातही मीठ नाही. आई, शिजल्यावर वरचा तवंग चमच्याने काढून वाटीत ठेव, बाबांना खालचं वाढ. तो तवंग फ्रीजमध्ये राहतो, तुझ्या अंड्याला किंवा भाजीच्या फोडणीला एक चमचा पुरतो. आणि पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना या पदार्थाचं नाव घेऊन विचारा. ते नको म्हणाले तर नको. मला राग येणार नाही, चव दुसऱ्या रस्त्यानेही आणता येते.

तो दुसरा रस्ता असा. आई, तुला डुकराचं मन घेत नसेल किंवा बाबांना मीठ आपल्या हाताने मोजून द्यायचं असेल, तर हाच मसाला मटणाच्या खिम्याला लाव. अर्धा किलो खिमा, जाडसर, खांद्याच्या मटणाचा, आणि खाटकाला थोडी चरबी त्यातच घालायला सांग. नुसत्या लाल मांसाचा खिमा शिजून चोथा होतो. बारा-पंधरा ब्याडगी मिरच्या बिया काढून, दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, एक चमचा जिरं, एक चमचा मिरी, पाच-सहा लवंगा, बोटभर दालचिनी, अर्धा चमचा हळद आणि चिमूटभर साखर. हे पाव कप व्हिनेगरमध्ये भिजवून त्यातच वाट. पाण्याचा थेंब नको. खिम्याला चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेव. मीठ एक छोटा चमचा पुरे, सगळ्या अर्ध्या किलोला मिळून. आतड्यात भरायचं नाही, वाळवायचं नाही, सुटंच वापरायचं. म्हणून ते टिकतही नाही. दोन दिवसांत संपव, नाहीतर चार लहान पिशव्यांत विभागून लगेच फ्रीझरमध्ये टाक आणि महिन्याभरात वापर. शिजवायची रीत वर लिहिली तीच. कोंबडीच्या खिम्यालाही हा मसाला चालतो, पण मला तो कोरडा वाटतो.

व्हिनेगर मात्र माडाचंच हवं. दुकानातल्या पांढऱ्या व्हिनेगरला नुसता आंबट चटका असतो, गोडी नसते. बाटली मी पाठवते.

पाठवलेल्या माळेबद्दल एवढंच, ती आता फ्रीझरमध्ये ठेव आणि लागतील तेवढेच मणी कापून घे. कधी खवट वास आला किंवा हाताला बुळबुळीत लागली तर जीव न अडकवता टाकून दे. मी इथे शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले की बघून घेते: माळ हाताला कोरडी, वास व्हिनेगरचा आणि मण्यातून नुसती पांढरी चरबी दिसत नाही ना. मणी बारीक असले की तुम्हा दोघांना मापात वापरायला सोपे जातात, म्हणून लांबट चोरीस मी पाठवले नाहीत.

पुढच्या शनिवारी इथल्या ऑफिसातलं एक जण कोल्हापूरला येणार आहे. त्याच्याबरोबर व्हिनेगर आणि थोडी कोकमं देते. आई, बुधवारपर्यंत सांग, आणखी एक माळ हवी की आधी पावट्याचा प्रयोग करून बघतेस. बाबा, गोळ्या वेळेवर घ्या आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला तुम्ही स्वतः फोन करून सांगा, आईकडून निरोप नको.

तुमची,
धाकटी