हरमपासून सात किलोमीटर: केंद्रीय अल्पसंख्याक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अल्पसंख्याक कार्य मंत्री,
नवी दिल्ली

विषय: मक्केत वृद्ध हाजींच्या मुक्कामाची सोय हरमजवळ, म्हणजे काब्याभोवतीच्या मशिदीजवळ, करण्याबाबत

महोदय,

सलाम.

2019 च्या हजला मी माझ्या अम्मीला घेऊन गेलो होतो. तेव्हा ती 71 वर्षांची होती. सत्तरी ओलांडलेल्यांना सोडतीशिवाय जागा मिळायची आणि सोबत घरचं एक माणूस नेता यायचं, त्या नियमात आम्ही बसलो. अब्बा गेल्यानंतर अम्मीने तीस वर्षं शिलाई मशीन चालवली. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, येईल ते शिवलं. दर महिन्याला भिशी भरली आणि त्यातून हजचे पैसे उभे केले. मी दिले असते, पण तिला स्वतःच्या कमाईचाच हज हवा होता. अर्जात मुक्कामाचे दोन प्रकार होते. हरमजवळचा ग्रीन, त्याला जास्त पैसे. आणि लांबचा अझीझिया. अम्मीच्या भिशीत अझीझिया बसत होतं.

अझीझिया म्हणजे हरमपासून सहा-सात किलोमीटर. आम्हाला चौथ्या मजल्यावर पाच खाटांची खोली मिळाली. लिफ्टसमोर कायम रांग असायची. फजरची नमाज हरममध्ये मिळावी म्हणून आम्ही रात्री अडीचला उठायचो. प्लास्टिकच्या पिशवीत चपला, एक बाटली, गुडघ्याला लावायचं मलम, एवढं घेऊन खाली उतरायचं. आधी एक बस, मग दुसरी बस, मग पायी. अम्मी माझ्या दंडाला धरून चालायची. ती कुरकुर करणाऱ्यातली नाही. थांबावंसं वाटलं की "जरा चप्पल नीट करते" म्हणायची. त्या रस्त्यावर तिने किती वेळा चप्पल नीट केली, ते मला अजून आठवतं.

हजचे मुख्य दिवस जवळ आले तशा आमच्या बस बंद झाल्या. गर्दीमुळे त्या दरवर्षीच बंद ठेवतात, असं कळलं. टॅक्सीवाले मागतील तो भाव. मग अम्मी खोलीजवळच्या मशिदीत नमाज पढायला लागली. संध्याकाळी आम्ही गच्चीवर जायचो. तिथून मक्केचा तो उंच घड्याळाचा मनोरा दिसायचा. अजानच्या वेळी त्याचे हिरवे-पांढरे दिवे लुकलुकायचे. एकदा ती तिकडे बघत म्हणाली, "घड्याळ दिसतंय रे, काबा काही दिसत नाही." आयुष्यभर मशीन चालवून मक्केत पोहोचलेली बाई काब्यापासून सात किलोमीटरवर गच्चीत उभी होती. महोदय, हे पत्र मी त्या संध्याकाळमुळे लिहितो आहे.

सौदी सरकारने तिथे काहीच चांगलं केलं नाही, असं म्हणणारा मी नाही. 1997 मध्ये मक्केजवळच्या मिनात हाजींच्या तंबूंना आग लागून 343 माणसं गेली, त्यानंतर आग न धरणारे तंबू आले. सैतानाला खडे मारतात त्या जमरातच्या पुलावर 2006 मध्ये चेंगराचेंगरी झाली आणि तिथे अनेक मजल्यांचा नवा पूल उभा राहिला. आता ये-जा वेगवेगळ्या वाटांनी होते. मक्का-मदिना रेल्वे 2018 पासून धावते. हरमच्या अंगणातली पांढरी फरशी ग्रीसमधून येते आणि भर उन्हातही पायाला थंड लागते. अम्मी त्या फरशीवर हात फिरवून शिवणाऱ्यांना दुवा द्यायची. तिच्या लेखी बसवणारेही शिवणारेच. लाखो माणसं एका दिवशी एका ठिकाणी जमवायची म्हणजे खायचं काम नाही.

माझं दुखणं वेगळं आहे. हरमच्या दारासमोर अज्यादचा किल्ला होता, तुर्कांच्या उस्मानी राजवटीत 1781 च्या सुमारास बांधलेला. तो 2002 मध्ये पाडला, त्याखालची टेकडीही सपाट केली. तुर्कस्तानने तेव्हा जाहीर निषेध केला होता. त्या जागी 601 मीटर उंचीचा मनोरा आणि त्याभोवतीच्या इमारती उभ्या राहिल्या, 2012 मध्ये काम पुरं झालं. खाली बाजार, वर पंचतारांकित खोल्या. खोलीच्या खिडकीतून काबा दिसत असेल तर भाडं वेगळं, नुसतं शहर दिसत असेल तर वेगळं. ही सगळी इमारत कागदोपत्री वक्फ आहे, तिचं उत्पन्न हरमच्या कामी यावं म्हणून. असेल. पण जवळ राहण्याची जी जागा होती, ती सगळी अशाच खोल्यांनी व्यापली आहे. हरमजवळच्या जबल उमर टेकडीवरच्या वस्तीचंही तेच झालं. तिथली जुनी घरं गेली आणि हॉटेलांची रांग आली.

कुराणातल्या सूरह हजच्या 25व्या आयतीत अल्लाहने सांगितलं आहे की मस्जिदे हराम सगळ्या माणसांसाठी सारखी आहे, तिथे राहणाऱ्याला आणि बाहेरून येणाऱ्याला. याच आयतीच्या विवरणात जुने आलिम, म्हणजे धर्मपंडित, दुसरे खलिफा हजरत उमर यांची गोष्ट सांगतात. मक्केच्या लोकांनी हजच्या काळात घरांना दारं लावू नयेत, येणाऱ्याला जिथे जागा दिसेल तिथे उतरता यावं, असं त्यांनी बजावलं होतं. हजच्या मोसमात मक्केतल्या घरांचं भाडं घेणं इमाम अबू हनीफांना पसंत नव्हतं. इमाम शाफईंचं मत निराळं. म्हणजे हरमजवळची जागा कोणाची, तिचे पैसे घ्यावेत की नाहीत, हा प्रश्न आपल्या बुजुर्गांनी बाराशे वर्षांपूर्वीच अंगाला लावून घेतला होता. एहरामची दोन न शिवलेली वस्त्रं नेसली की धनी आणि चाकर ओळखू येत नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. हरममध्ये ते खरंही आहे. बाहेर पडून लिफ्टपाशी आलं की संपतं.

श्रीमंतांनी तिथे पैसा आधीही ओतला. खलिफा हारून रशीदची बेगम जुबैदा हिने मक्केच्या यात्रेकरूंसाठी डोंगरातून पाण्याचा पाट आणला, तो शेकडो वर्षं वाहिला. आपल्या औरंगाबादच्या पाणचक्कीचं पाणीही असंच लांबून मातीच्या नळांनी येतं, आणि ती चक्की फकीर, मुसाफिर आणि मदरशाच्या मुलांसाठी पीठ दळायची. मी लहान असताना शाळेच्या सहलीत ते पाणी पडताना पाहिलं, तेव्हा मास्तरांनी "हे कोणाच्या घरचं पीठ नाही, वाटसरूचं आहे" असं सांगितलं होतं. श्रीमंतीचा तो उपयोग मला ठाऊक आहे, म्हणून आताचा डोळ्यांना खुपतो.

आणि मक्केत रुबात होते. आपल्याकडे धर्मशाळा असते तशी ही वास्तू. कोणी नवाबाने, कोणी व्यापाऱ्याने आपल्या मुलखातल्या हाजींसाठी बांधून वक्फ केलेली. भोपाळच्या हाजींसाठी भोपाळचा रुबात, निजामाच्या मुलखासाठी हैदराबादचा. यात आम्हा मराठवाड्याच्या लोकांचं थेट नातं आहे. निजामाचं राज्य 1948 मध्ये संपलं, 1960 मध्ये आम्ही महाराष्ट्रात आलो, पण हैदराबादच्या रुबातवरचा हक्क जुन्या संस्थानाच्या हद्दीप्रमाणे राहिला. बीड, परभणी, नांदेडच्या हाजीचं नाव त्या सोडतीत निघालं तर मुक्काम फुकट. आमचं नाव निघालं नाही. जागा थोड्या, मागणारे फार.

थोड्या का, तर हरमच्या विस्तारात जुन्या रुबातांच्या कितीतरी इमारती गेल्या. केरळच्या केयी घराण्यातल्या व्यापाऱ्याने 19व्या शतकात बांधलेला रुबात 1971 मध्ये पाडला गेला. भरपाईची रक्कम सौदी खजिन्यात जमा झाली आणि वारस कोण, या वादात वर्षानुवर्षं पडून राहिली. पाडलेल्या रुबाताच्या पैशातून दुसरा रुबात हरमजवळ उभा राहणं आता किती कठीण आहे, हे तिथले जागेचे भाव बघून कोणीही सांगेल.

आमच्याशी घडलेली एक गोष्ट सांगतो. एका दुपारी तवाफ, म्हणजे काब्याभोवतीच्या फेऱ्या, करून आम्ही बाहेर आलो. अम्मीचा गुडघा पार सुजला होता. समोर एका हॉटेलची संगमरवरी पायरी होती, वर सावली, आतून दार उघडलं की थंड हवेचा झोत यायचा. ती तिथे टेकली. पाचच मिनिटं झाली असतील. गणवेशातला एक तरुण आला. बोलण्यावरून आपल्याच भागातला वाटला, बांगलादेशी असावा. खालच्या आवाजात म्हणाला, "यल्ला हाज्जा, यल्ला," म्हणजे चला, उठा. त्याला वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसलं. अम्मी उठली आणि त्यालाच म्हणाली, "माफ करना बेटा." मला त्या मुलाचा राग आला नाही. पण माझ्या आईने तिथे माफी मागावी, हे अजून पचलेलं नाही.

महोदय, तुम्ही म्हणाल की मक्केत काय बांधायचं ते सौदी सरकार ठरवणार. खरं आहे. पण दरवर्षी दोन्ही देशांत हजचा करार होतो, त्यावर आपल्या सरकारची सही असते. 2025 साठी आपला कोटा 1,75,025 ठरला. इंडोनेशिया आणि पाकिस्तान सोडले तर एवढी माणसं पाठवणारा देश क्वचितच. ज्याच्या हातात लाखाहून जास्त माणसांचा मुक्काम आहे, त्याला भाव करता येतो. इमारती कुठल्या घ्यायच्या, त्याही आपलीच माणसं तिथे जाऊन बघतात. इंडोनेशियाने तर आपल्या हाजींसाठी मक्केत 'कम्पुंग हाजी', म्हणजे हाजींचं स्वतःचं गाव, उभारायचं ठरवलं आहे.

वयाचा विचार आपल्या धोरणात आधीपासून आहे. म्हाताऱ्या माणसाला सोडतीशिवाय जागा मिळते, ती अट आता 65 वर आली आहे. विमानात जागा देताना वय मोजलं जातं, तर खोली देताना का नाही? माझं मुख्य मागणं एवढंच आहे. 65 वर्षांपुढच्या आणि अपंग हाजींचा मुक्काम, पैसे कितीही भरलेले असोत, हरमपासून चालत जाता येईल अशा अंतरात असावा, आणि हे करारात लिहून घ्यावं. सगळ्यांना जवळ जागा मिळणार नाही, हे मला कळतं. माझ्यासारख्या पन्नाशीतल्या माणसाने खुशाल अझीझियात राहावं. वाढीव खर्च होईल तो बाकीच्या हाजींवर थोडा थोडा टाकला, तरी कोणी नाही म्हणेल असं मला वाटत नाही. हज अनुदान 2018 मध्ये बंद झालं तेव्हाही आमच्यातल्या बहुतेकांनी बरं झालं म्हटलं होतं. सरकारी पैसा आम्ही मागत नाही. आमच्याच पैशाची वाटणी नीट व्हावी.

दुसरं, भारतीयांनी मक्का-मदिनेत वक्फ केलेल्या रुबातांची एक यादी सरकारने जाहीर करावी. कुठला उभा आहे, कुठला पाडला, भरपाई किती आली, ती कोणाकडे आहे, कुठल्या जिल्ह्यांतल्या लोकांचा त्यावर हक्क आहे. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या लोकांना हैदराबादच्या सोडतीचं नावही ठाऊक नाही. हे काम जेद्दाहच्या वाणिज्य दूतावासातल्या फायली काढून बसलं तर होण्यासारखं आहे.

आणि उन्हाचं. 2024 च्या हजमध्ये हरममध्ये पारा 51.8 अंशांवर गेला. सौदी सरकारनेच 1,301 मृत्यू सांगितले. त्यातले बहुतेक परवाना नसलेले लोक होते, म्हणजे ज्यांना अधिकृत पॅकेज परवडलं नाही, म्हणून गार तंबू नाही, बस नाही, उन्हातून मैलोन्मैल पायपीट. आपले 98 लोक त्या वर्षी गेले. त्या उन्हात सात किलोमीटर म्हणजे काय, ते ज्याने म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून चालवलं आहे त्याला विचारा. गार खोली हरमजवळ असणं ही चैन नाही. जीव वाचवायची सोय आहे, आणि सध्या ती चैनीच्या भावाने विकली जाते.

अम्मी 2021 मध्ये गेली. हजहून आणलेली झमझमची बाटली तिने शेवटपर्यंत उशाशी ठेवली. त्या सात किलोमीटरबद्दल ती कधीच कोणाशी बोलली नाही, विचारलं की फक्त काब्याचं सांगायची.

यंदा माझी खाला, म्हणजे मावशी, अर्ज भरते आहे. ती 67 वर्षांची आहे, दोन्ही गुडघ्यांना पट्टा. परवा फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, "तू जाऊन आलास, खरं सांग, किती चालावं लागतं?" मी तिला सांगितलं आहे की मंत्रीसाहेबांना पत्र टाकलं आहे, उत्तर आलं की कळवतो. ती वाट बघते आहे.

आपला,
एक हाजी
अंबाजोगाई, जि. बीड