लीडरने जरा गप्प बसावं
संपादक साहेब, नमस्कार,
आमच्या चर्चच्या मंडळीत दर बुधवारी कोणाच्या तरी घरी कॉटेज मीटिंग (म्हणजे घरगुती प्रार्थनासभा) असते, दहाबारा जण, लीडर मी, आणि खरं सांगतो पहिली दोन वर्षं मी एकटाच बोलायचो, बाकीचे आमेन म्हणून चहा पिऊन घरी. १७४२ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाच्या मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी बारा-बारा जणांचे क्लास, म्हणजे गट, पाडले ते मुळात कर्ज फेडायला, आठवड्याला माणशी एक पेनी (हो, पैशासाठीच!), पण ती पेनी गोळा करायला लीडर घरोघर जायला लागला तेव्हा कोणाचं काय चाललंय ते कळायला लागलं. आता मी बायबलचं वचन वाचून गप्प बसतो, मीटिंग एक कॉलेजचा पोरगा घेतो, अडखळतो, अडखळू दे. पाळकांनी लीडरला आधी ऐकायचं ट्रेनिंग द्यावं ना.
– एक वाचक, अहिल्यानगर