पेन्सिलींचा हिशेब

प्रिय बाळ्या,

सहा महिन्यांत एक ओळ नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक.

सेंट नाझेरवरून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या त्या बंदराची गोदी निकामी करायला ब्रिटिशांनी घातलेल्या छाप्यावरून, आपण अप्पासमोर भांडलो होतो, त्यात तू अर्धा बरोबर होतास. हे दुसऱ्या कुणाकडे कबूल करू?

तू म्हणायचास, कॅम्पबेलटाउन हे स्फोटकं भरलेलं ब्रिटिश जहाज गोदीच्या दारावर आदळवायचं आणि जर्मन लोक त्यावर चढेपर्यंत स्फोटासाठी थांबायचं हीच योजना. नव्हती रे! पेन्सिली, म्हणजे उशिरानं स्फोट करणारे पेन्सिलीसारखे फ्यूज, आठ तासांच्या. 27 मार्च 1942 च्या रात्री अकराच्या सुमारास चालू केलेल्या, म्हणजे सकाळी सात, फार तर नऊ. दहा वाजले तरी कॅम्पबेलटाउन गप्पच. पेन्सिल म्हणजे घड्याळ नव्हे. आतलं रसायन अडसर खात जातं आणि थंडीत सुस्तावतं. तोवर डेकवर जर्मनांची जत्रा जमली होती. त्याला योजना म्हणू नकोस.

पण माझं ‘निव्वळ नशीब’ही खोटंच. 24 डेप्थ चार्ज, चार टनांहून जास्त स्फोटक, पोलादी टाकीत ठेवून वर काँक्रीट ओतलेलं. जागा पुढच्या तोफेच्या आधारखांबामागे, म्हणजे गोदीच्या दारावर आदळून नाक चेपलं तरी सुरुंग शाबूत. म्हणून जर्मनांना तो सापडला नाही आणि उशीर पचला. धडक ठरल्या वेळेहून चारच मिनिटं उशिरा, 1:34 ला. तीही गाळावर दोनदा घासून! वजन उतरवलं नसतं आणि मोठी भरती साधली नसती तर खाडीतच रुतले असते.

मला खुपतात त्या लाँच. सोळा लाकडी होड्या आणि डेकवर जादा पेट्रोलच्या टाक्या! एक गोळी लागली की होळी. ओल्ड मोल नावाच्या धक्क्यावर उतरायला सहा निघाल्या, माणसं उतरवता आली एकीलाच. वर ब्रिटिश विमानांचा घोळ: ढगातून बॉम्ब टाकायचे नाहीत असा हुकूम, म्हणून ती घिरट्या घालत एकेक बॉम्ब सोडत राहिली. लक्ष वळायचं ते उलट जर्मन सावध झाले. इथे तू गप्प बसायचास, आठवतंय?

पंपघराचं काम मात्र मला अजून सगळ्यांत हुशारीचं वाटतं. चाळीसेक फूट खोल जिना उतरून, अंधारात, पंपांच्या बिडावरच, म्हणजे ओतीव लोखंडावरच, सुरुंग बांधले. वाकलेला पत्रा ठोकून सरळ होतो, फुटलेलं बीड नव्यानं ओतावं लागतं. दार बसवलं तरी पाणी उपसणार कशानं? गोदी 1948 पर्यंत बंद राहिली, आणि जिला दुरुस्तीसाठी ती गोदी लागली असती ती जर्मन युद्धनौका टिर्पिट्झ अटलांटिकात आलीच नाही. छाप्यावर निघाले 611, मेले 169, पकडले 215. हा सौदा स्वस्त की महाग, यावर तुझ्याशी पुन्हा भांडायचंय.

वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? चिरंजीवांची परीक्षा? दोन ओळी टाक. आणि माझा भरती-ओहोटीचा तक्ता तुझ्याकडेच आहे, नाही म्हणू नकोस.

तुझा,
नंदू